कंबर खरंच दुखते आहे, भाऊ

ताई, मी ४४ वर्षांचा आहे. पिकअप चालवतो, गाडी स्वतःची. पिंपळगावहून टोमॅटो नाहीतर भाजीपाला भरायचा, रात्री कसारा घाट उतरून वाशी मार्केटला टाकायचा, सकाळी परत. कंबर पूर्वीही अधूनमधून धरायची, दोन-चार दिवसांत सुटायची. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, त्यानंतर जी धरली ती सोडतच नाही. एमआरआय काढला, एल-४ एल-५ ची गादी सरकली म्हणाले. पट्टा लावला, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ताणतात तेही घेतलं, गोळी रोज चालू आहे. धाकटी मुलगी सहा वर्षांची, तिला दोन वर्षांत उचललेलं नाही. एकादशीच्या भजनात पखवाज वाजवायचो, तेही बंद. घरी असलो तरी तीन तासांच्या वर झोप नाही. लहानसहान गोष्टीवरून ओरडतो आणि मग मलाच वाईट वाटतं. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती मानसोपचारवाल्यांची. बाहेर येऊन मी ती फाडली. मोठा भाऊ म्हणतो, नवरात्रात गडावर चालत गेलास तेव्हा कंबर कुठे गेली होती, ही सगळी नाटकं आहेत. ताई, एकच सांगा, माझी कंबर दुखते की माझं डोकं फिरलंय?

(निफाड तालुक्यातील एक वाचक)

भाऊ,

तुमची कंबर दुखते. तुमचं डोकं फिरलेलं नाही. एकच सांगा म्हणालात, ते हे सांगितलं. पण 'कंबर की डोकं' असा जो सवाल तुम्ही टाकलाय, त्या सवालातच तुमची दोन वर्षं अडकून पडली आहेत. म्हणून पुढचं सगळं लिहिते.

त्याच्याही आधी एक गोष्ट. तुमच्या पत्रातली एक ओळ मी वर छापलेली नाही. रात्री गाडी चालवताना कधीकधी मनात काय येतं, ती ओळ. ती लिहून तुम्ही पुढे 'ते जाऊ द्या' असं म्हटलंय. मी जाऊ देणार नाही. आज रात्री वहिनींना जवळ बसवा आणि मला लिहिलंत त्याच शब्दांत त्यांना सांगा. त्यांना काहीतरी बिनसलंय हे केव्हाच कळलं असेल, फक्त विचारायचं कसं हे कळत नसेल. सांगवलं नाही तर हे पत्र त्यांच्या हातात द्या. मग १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची फोनसेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागते आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांची भेट होईपर्यंत रात्रीची खेप दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्या. बुडू दे ते भाडं. फवारणीची औषधं घरात असतील तर काही दिवस ती भावाच्या घरी कुलपात ठेवा. आणि एखादी रात्र फारच जड गेली तर कुणाची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

असे विचार आले म्हणजे माणूस भित्रा, असं बिलकूल नाही. वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्यांना ते इतरांपेक्षा जास्त येतात. तुम्ही ते कागदावर उतरवलेत याचं मला फार बरं वाटलं.

आता कंबर.

भावाने गडाचा दाखला दिला तो तुम्हाला खोटं पाडायला. मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रात तोच तपशील सगळ्यात मोलाचा वाटला. नवरात्रात तुम्ही पायी सप्तशृंगीला गेलात, दोन दिवस चाललात आणि कंबर बोलली नाही. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी गाडीवर बसलात आणि पुन्हा तेच. ज्याचा मणका खरोखर कामातून गेलाय त्याला देवीच्या पायऱ्या चढवत नाहीत. आणि जो नाटक करतो तो दोन वर्षं मुलीला उचलायचं टाळत नाही. मग मधलं काय ते बघू.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की अंगातून निघालेला दुखण्याचा निरोप थेट मेंदूत पोचत नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत त्याला एक फाटक लागतं. तुम्ही घोटीच्या टोलनाक्यावरून कितीदा तरी गेला असाल. तसा नाका समजा. किती लेन उघड्या ठेवायच्या हे खालून येणाऱ्या गाड्यांवर ठरतं तसंच वरून येणाऱ्या हुकमावरही ठरतं. भीती, जागरण, हप्त्याचा घोर, मनात दाबून ठेवलेलं दुःख असलं की वरून हुकूम सुटतो, सगळ्या लेन उघडा, धोका आहे. मग कंबरेतला साधा ताणही मोठा होऊन वर पोचतो. सोबत असली, लय असली, मन कशात तरी रमलेलं असलं की लेन मिटत जातात. त्या दोघांच्या मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण मेंदू खालच्या निरोपाला आवर घालतो किंवा मोकळं सोडतो, हा तिचा गाभा टिकून आहे.

गडाच्या वाटेवर तुमच्यासोबत गावातली माणसं होती, देवीचं नाव होतं, पायाला लय होती, मोकळी हवा होती. लेन मिटल्या. रात्री दोन वाजता घाटात एकट्याने, पोटात चहा आणि गोळी, डोक्यात पाच तारखेचा हप्ता, खाली थरथरणारी सीट. लेन उघडल्या. दोन्ही वेळा कंबर तीच, मणका तोच, एमआरआयही तोच.

तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. जुनाट दुखण्यात आणखी एक होतं. निरोप नेणाऱ्या नसा आणि तो वाचणारा मेंदू यांना त्या कामाची सवय लागते, ते जास्तच हळवे होतात. गाडीच्या बोर्डावर ऑइलचा दिवा लागतो, तुम्ही घाबरून गाडी मेकॅनिककडे नेता, तो ऑइल बघतो तर बरोबर असतं. दिवा तर लागलेलाच असतो, तुम्हाला भास झालेला नसतो. शहाणा मेकॅनिक अशा वेळी इंजिन खोलायला घेत नाही, आधी सेन्सर आणि वायरिंग बघतो. मानसोपचाराची चिठ्ठी ही त्या वायरिंगसाठी होती. ती देताना डॉक्टरांनी दोन मिनिटं थांबून हे तुम्हाला समजावलं असतं तर तुम्ही ती फाडली नसती. 'टेन्शन घेऊ नका' एवढ्या तीन शब्दांवर माणसाला बाहेर काढणं मला पटत नाही, मग ते माझ्या धंद्यातल्या कुणी का केलेलं असेना. टेन्शन हौसेने कुणी घेत नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. वेदना म्हणजे काय याची तिने १९७९ साली केलेली व्याख्या २०२० मध्ये सुधारून घेतली. त्या व्याख्येत वेदना हा शरीराच्या संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव आहे असं म्हटलंय, दोन वेगळे नाहीत. आणि सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलंय की एखादा माणूस मला दुखतं असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. हे भावाला वाचून दाखवा.

'गादी सरकली' या शब्दांबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण या शब्दांनी खेड्यापाड्यांत फार नुकसान केलंय. गादी सरकली, मणक्यात गॅप आला, नस दबली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे काय येतं? विटांची उतरंड, मधली एक वीट निसटलेली, आता धक्का लागला की सगळं खाली. मणका तसा नसतो. दोन मणक्यांच्या मधली चकती वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. वयाने ती सुकते, थोडी चपटी होते, कडेने फुगते. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना कंबरदुखी नाहीच अशा ३ हजारांहून जास्त माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. चाळिशीच्या आसपास, काहीही दुखत नसलेल्या माणसांपैकी सुमारे ६८ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या आणि निम्म्यांच्या फुगलेल्या. म्हणजे बाजार समितीत तुमच्याच वयाचे दहा जण रांगेत उभे केले, कंबर ठणठणीत असलेले, तरी पाच जणांच्या रिपोर्टवर तुमच्यासारखंच काहीतरी लिहिलेलं असेल. तुमचा रिपोर्ट खोटा नाही. पण तुमच्या दोन वर्षांचा जाब त्या एका ओळीला विचारता येत नाही.

आता जे लिहिते ते लिहिताना मला त्रास होतो. मी २६ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच सांगायची. वाकू नका, वजन उचलू नका, खाली बसू नका, पट्टा सोडू नका. आम्ही तेच शिकलो होतो. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, पन्नाशीच्या. सात वर्षांनी त्या परत आल्या आणि विचारलं, ताई, आता तरी चुलीपुढे बसून भाकरी थापू का? सात वर्षं त्या खाली बसल्या नव्हत्या. घरच्या पंगतीत त्यांना खुर्ची लागायची, म्हणून पंगतीला जाणं सोडलं होतं. माहेरी जाणं कमी झालं होतं. झोपेची गोळी लागली होती. कंबर होती तशीच होती, उलट जास्त आखडलेली. तो सल्ला मी काही आठवड्यांपुरता दिला होता, पण तो कधी थांबवायचा हे त्यांना सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणालाही 'आयुष्यभर' हा शब्द वापरत नाही. त्या बाई पुढे चार महिन्यांत खाली बसायला लागल्या. आधी उशीवर, मग पाटावर, मग जमिनीवर. त्यांना मी व्यायाम दिले हे खरं, पण अर्धं काम त्यांची भीती काढण्याचं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात जवळपास ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत ती जगात पहिली आहे. त्या सूचनांत कशाची शिफारस आहे? नीट माहिती देणं, व्यायाम, मसाजसारखे काही हाताचे उपचार, विचार-वर्तन उपचारासारखे मानसिक उपचार आणि गरजेपुरत्या सूज-वेदनेच्या गोळ्या. आणि सरसकट देऊ नये असं ज्याच्याबद्दल म्हटलंय त्यात कमरेचे पट्टे आहेत, ट्रॅक्शन आहे, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आहेत. भाऊ, तुमच्या वाट्याला यातलं नेमकं काय आलं ते बघा. पट्टा आला, ट्रॅक्शन आलं. ज्याची शिफारस आहे त्यातली फक्त गोळी आली, आणि तीही गरजेपुरती नाही, रोजची.

वडिलांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण दुखण्याची तारीख तिथूनच मोजलीत. पत्रात पुढे आणखी एक आहे, जे मी वर घेतलं नाही. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी तुम्ही गाडी भरली, कारण हप्ता थकला होता. रडायला सवड मिळाली नाही, असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे कर्ता माणूस गेला की घराची कंबर खचली असं म्हणतात. पीक गेलं तरी कंबर खचते, मुलगा गेला तरी कंबर खचते. जुन्या माणसांनी हे उगाच नाही म्हटलं. मी कामाला लागल्यापासून किती तरी पुरुष पाहिले जे 'मन लागत नाही' हे तोंडाने कधी म्हणणार नाहीत. कंबर धरली, मान धरली, छातीत भरून येतं, डोकं जड होतं, एवढंच सांगतील. बायका तरी आडावर, नळावर, फोनवर बहिणीपाशी रडून घेतात. पुरुषाला दुखण्याची परवानगी फक्त अंगात असते. म्हणून मी तुम्हाला विचारते, वडिलांबद्दल या दोन वर्षांत कुणाशी बोललात? भावाचाही तो बापच होता. तो ओरडतो त्यातही हेच काही असेल असं मला वाटून गेलं.

दुखण्याने झोप मोडते, हे तुम्हाला माहीत आहे. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं, हे कमी लोकांना माहीत असतं. उदासपणातही तसंच. बरेच दिवस अंग दुखत राहिलं की माणूस उदास होतो, आणि आधी उदास असलेल्या माणसाला कंबर-मान धरण्याची शक्यताही जास्त असते. रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. पखवाज सुटला, लेकीला उचलणं सुटलं, बायकोशी नीट बोलणं सुटलं. ज्या गोष्टींनी लेन मिटतात त्या एकेक करून बंद झाल्या आणि ज्यांनी उघडतात त्या तेवढ्या उरल्या. रात्री घरी असताना थोडी घेतो, त्याने डोळा लागतो, असंही तुम्ही लिहिलंय. डोळा लागतो, पण तीन तासांनी जो टक्क उघडतो तो त्यामुळेच. दारू पहाटेची झोप खाते आणि मन आणखी खाली ओढते. तिच्याबद्दल डॉक्टरांना लपवू नका. रोजची सवय असेल तर एकाएकी बंद करण्याआधी त्यांना विचारा.

आता करायचं काय.

आधी कंबरेची धोक्याची लक्षणं विचारते, कारण मनाचं कारण सापडलं म्हणून शरीराकडे डोळेझाक करणं हा दुसऱ्या टोकाचा गाढवपणा आहे. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, लघवी अडणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद जाऊन चप्पल निसटणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. ताप येणं, वजन उतरणं, रात्री पडल्या जागी वाढत जाणारं दुखणं, आधी झालेला टीबी किंवा कॅन्सर, मोठा मार. हे असेल तर पुन्हा तपासणी हवी. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो. मानदुखीवाल्या वाचकांनी हातातून वस्तू पडणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं याकडे लक्ष ठेवावं. तुमच्या पत्रावरून तुम्हाला यातलं काही दिसत नाही, तरी डॉक्टरांना एकदा हे सगळं विचारू द्या. सोबत थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. थकवा, अंगदुखी आणि उदासपणा या तिन्हींच्या मागे कधीकधी यातलंच काहीतरी निघतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यावर ते काय करतील याची तुम्हाला धास्ती असेल. ते बोलतील. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन खचलेलं होतं, किती दिवस कशातच रस वाटला नाही, झोप, भूक, थकवा, चिडचिड, जगण्याबद्दलचे विचार, असे प्रश्न विचारतील. खरी उत्तरं द्या. गोळी लिहून दिली तर घाबरू नका. ड्युलॉक्सेटिनसारखं औषध उदासपणावरही देतात आणि जुनाट कंबरदुखीवरही, कारण वरून लेन मिटवण्याचा जो हुकूम येतो तो मेंदूतल्या ज्या रसायनांवर चालतो, त्यांच्यावरच हे औषध काम करतं. ॲमिट्रिप्टिलिन नावाचं जुनं औषध नसांच्या दुखण्यावर बारीक मात्रेत देतात. अशी औषधं पहिल्या दिवशी गुण देत नाहीत, दोन-चार आठवडे लागतात. मनाने बंदही करायची नाहीत. आणि एक गोष्ट विसरू नका. मी रात्री गाडी चालवतो, हे खोलीत शिरल्या शिरल्या सांगा. यातल्या काहींनी गुंगी येते, डॉक्टर औषध आणि वेळ त्या हिशोबाने ठरवतील.

मेडिकलमधून घेऊन रोज जी गोळी खाता ती बहुधा डायक्लोफेनॅकच्या घरातली असेल. दोन वर्षं रोज, तेही रिकाम्या पोटी चहाबरोबर. ती पोटात अल्सर करते, किडनीवर भार टाकते, रक्तदाब वाढवते. कोणती गोळी, किती, हे पाकीट घेऊन जाऊन दाखवा आणि किडनीची तपासणी करून घ्या. काळी संडास झाली तर लगेच जा.

चालणं सुरू करा. तुमच्या शरीराला ते आवडतं हे गडाने दाखवून दिलंच आहे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर एक प्रयोग झाला, २०२४ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं त्यांची कंबर पुन्हा धरायला, मधला आकडा घेतला तर, २०८ दिवस गेले, ज्यांना काही दिलं नाही त्यांची ११२ दिवसांत धरली. तुमच्यासारख्या सततच्या दुखण्यावरचा तो प्रयोग नव्हता, पण त्याला खर्च पायातल्या चपलेचा. पहिल्या आठवड्यात सकाळी दहा मिनिटं. कंबर दुखत नसली म्हणून तासभर नाही, आणि दुखते म्हणून शून्यही नाही. घड्याळ सांगेल तेवढंच. चांगल्या दिवशी चाळीस कॅरेट उतरवायचे आणि मग तीन दिवस आडवं पडायचं, हे बंद झालं पाहिजे. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर जा. पहिले काही दिवस थोडं जास्त दुखेल. ती आखडलेल्या अंगाची कुरकुर असते, त्याने मणक्याची मोडतोड होत नाही.

पट्टा एकदम फेकू नका. या आठवड्यात घरात असताना काढा, मग चालताना, मग गाडीवर. वाकायचं भय असंच घालवायचं. रिकामं कॅरेट उचलायचं, अंगाजवळ धरून, दिवसातून पाच वेळा. ते सवयीचं झालं की त्यात दोन किलो, मग पाच. भरलेलं कॅरेट वीस किलोच्या पुढे जातं, लेकही साधारण तेवढीच असेल. तिला उचलायच्या आधी खाली बसून तिला मांडीवर घ्या. तिला तेवढंच हवंय. हे टप्पे कुणा फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली केलेत तर उत्तम.

गाडीबद्दल थोडक्यात. तासन्‌तास थरथरणाऱ्या सीटवर बसणं कंबरेला वाईट, हे सिद्ध झालेलं आहे. सीटचा बसलेला फोम बदला, मागच्या खिशातलं पाकीट काढा, दीड तासाला एकदा उतरून पाच मिनिटं फिरा. हप्त्याचं म्हणाल तर थकल्यावर तोंड चुकवण्यापेक्षा आधीच जाऊन मुदत वाढवून मागा, कर्ज देणाऱ्यांकडे तशी सोय असू शकते. हप्ता कमी झाला तर आठवड्यातली एक रात्रीची खेप सोडता येईल आणि ती रात्र झोपेची. हाही कंबरेचाच उपचार आहे, मी तो गोळीइतकाच मोलाचा मानते.

आणि एकादशी. खाली मांडी घालून बसवत नसेल तर खुर्चीवर बसून पखवाज समोर स्टुलावर घ्या. भजनी मंडळातली माणसं बाजूला सरकून जागा करून देतात, नावं ठेवत नाहीत. अर्धा तास वाजवा आणि उठा. मला वाटतं, दोन वर्षांत सुटलेल्या गोष्टींपैकी ही सगळ्यात आधी परत येईल.

तुमच्या मोठ्या भावासाठी चार ओळी. दादा, तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. गडावर त्याचं दुखणं थांबलं याचा तुम्ही पुरावा केलात, तोच पुरावा तो बरा होऊ शकतो याचा आहे. त्याला माणसांत चालायला मिळालं की त्याचं अंग मोकळं होतं. मग आठवड्यातून दोनदा सकाळी तुम्हीच त्याच्यासोबत निघा. वाटेत वडिलांचा विषय काढा. त्याने काढला नाही तर तुम्ही काढा.

भाऊ, फाडलेल्या चिठ्ठीचं वाईट वाटून घेऊ नका. मानसोपचार विभागाला चिठ्ठी लागत नाही. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात सकाळी लवकर जाऊन खिडकीवर केसपेपर काढायचा आणि मानसोपचाराची ओपीडी कुठे आहे ते विचारायचं. एमआरआय, गोळीचं पाकीट आणि हे पत्र सोबत ठेवा. वहिनींना बरोबर न्या. गाडी त्यांच्या दिराला चालवू द्या.